पाकीट एक, सरकारे दोन

नवीन जालन्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात बीजी-२ कपाशीचे पाकीट हातात घ्या आणि उलटून पाहा. ४७५ ग्रॅममधले २५ ग्रॅम बिगर-बीटी बियाणे ही अट दिल्लीची. किंमतही दिल्लीने ठरवलेली. २०२५ च्या खरिपाला ती ९०१ रुपये होती. ते विकण्याचा परवाना मात्र राज्याच्या कृषी खात्याचा, नमुना काढायला येणारा गुणनियंत्रण निरीक्षक राज्याचा, आणि परभणीची बीज परीक्षण प्रयोगशाळाही राज्याचीच. संघराज्य म्हणजे काय, हे आपल्या धंद्याला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

शेती हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे आहे, राज्य सूचीच्या १४ व्या नोंदीत. पण शेतमालाच्या व्यापारात दिल्लीचा हात शिरतो तो समवर्ती सूचीतून. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने तिथली ३३ वी नोंद वाढली आणि अन्नपदार्थ, तेलबिया, कापूस यांच्याबरोबर सरकीही नावानिशी तीत आली. अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, त्याखालचा बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा, आणि आपल्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला परवाना याच आदेशाखालचा. सही जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याची असली तरी अधिकार दिल्लीतून उतरलेला आहे. समवर्ती विषयात दोन कायदे एकमेकांना भिडले तर कलम २५४ प्रमाणे केंद्राचा टिकतो. राष्ट्रपतींची संमती मिळवली असेल तर राज्याचा कायदा त्या राज्यापुरता चालतो, आणि संसदेने मनात आणले तर तोही बदलता येतो.

या ओढाताणीचा खरा इतिहास कपाशीच्या दरात आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी दिली ती केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने (जीईएसी). वाण होते आपल्या जालन्याच्या महिकोचे. दराबद्दल मात्र दिल्ली गप्प राहिली. २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने मक्तेदारी आयोगापुढे तंटा नेला आणि ४५० ग्रॅमच्या पाकिटाचा दर थेट ७५० रुपयांवर आणला. महाराष्ट्राने २००९ मध्ये स्वतःचा कापूस बियाणे कायदा केला. राज्यांनी भांडून मिळवलेला दर ठरवण्याचा हा अधिकार डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने एका आदेशाने आपल्याकडे घेतला. देशभर एकच दर झाल्याने सीमेपलीकडून स्वस्त पाकिटे आणण्याचा मोह कमी झाला, हे मान्य करायला हवे. पण आता मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला दर परवडत नसेल, किंवा कंपनीला परवडत नसेल, तर मुंबईत जाऊन उपयोग नाही. तरीही आपल्यातली बरीच मंडळी निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातच जातात. (फोटो चांगला येतो, हे खरे.)

तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीत हीच गुंतागुंत उघडी पडते. मंजुरी द्यायची की नाही हे दिल्लीने ठरवायचे, आणि न दिलेल्या मंजुरीची राखण राज्याच्या भरारी पथकाने करायची. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेने जाहीरपणे हे बियाणे पेरले, तेव्हा गुन्हे नोंदवण्याचे काम राज्याच्या वाट्याला आले. मोटारसायकलवर पाकिटे विकणारा सापडत नाही. परवानाधारकाला पत्ता असतो, म्हणून त्याचे स्टॉक रजिस्टर तिसऱ्यांदा तपासले जाते.

आणि जिथे दोन्ही सरकारांचा हात आखडतो ती जागा नुकसानभरपाईची. २०२० च्या खरिपात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ५०० रुपये आहे आणि शेतकऱ्याला भरपाई देण्याची सोयच नाही. तालुका समिती पंचनामा करते, पुढे शेतकरी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या झिजवतो. ही पोकळी भरायला राज्याने २०२३ मध्ये विधेयके आणली खरी, पण त्यांतल्या एकाने विक्रेत्याला झोपडपट्टी दादांविरुद्धच्या कायद्यात ओढून त्यांच्या पंगतीत बसवले. त्या वर्षी नोव्हेंबरात आपण दुकाने बंद ठेवली, ते बरोबरच होते. सीलबंद पाकिटातल्या दाण्याचा जाब दुकानदाराला विचारणे अन्यायाचे आहे. भरपाईचा मूळ प्रश्न मात्र त्या गदारोळात आपणही मागे सारला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. केंद्र आणि राज्य यांच्यातल्या वाटणीचा प्रश्न त्यामुळे पुन्हा समोर आला. अमेरिकेत १९३९ चा संघीय बियाणे कायदा मुख्यतः एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बियाण्यापुरता आहे. राज्यातल्या राज्यात होणारी विक्री राज्याच्या कायद्याने चालते. आपल्याकडे तशी वाटणी आता होणे नाही आणि व्हावीही असे आमचे मत नाही. जाफ्राबाद आणि देऊळगाव राजाच्या शेडनेटमध्ये तयार होणारे मिरचीचे बियाणे देशभर जाते. त्याला उगवणशक्तीचे आणि लेबलाचे निकष राज्याराज्यांत वेगळे असून चालणार नाही. निकष दिल्लीने ठरवावेत. तक्रार, पंचनामा आणि भरपाईचा निवाडा मात्र राज्याच्या हाती, तालुक्याच्या पातळीवर आणि त्याच हंगामात व्हावा, आणि सीलबंद पाकिटाची जबाबदारी उत्पादक कंपनीवर असल्याचे कायद्यातच लिहिलेले असावे. एवढी मागणी केंद्रीय कृषी मंत्रालयाला पाठवा, एक प्रत जिल्ह्याच्या खासदारांना द्या. दर हंगामात प्रयोगशाळेचा अहवाल पेरणी उरकल्यावर हाती पडतो, ती तक्रार मात्र पुण्याच्या कृषी आयुक्तालयाकडेच करायची आहे.