खरकटं ताट उचलणं हाही अभ्यासच!



आपल्या ठाणे, कल्याण-डोंबिवलीतली काही मुलं बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जातात. कोर्समध्ये इंटर्नशिप असते. कुणाला हॉटेल मिळतं, तर कुणाला विद्यापीठाचं भोजनगृह. तिथे 'फ्रंट ऑफ हाऊस'ला, म्हणजे स्वयंपाकघरात नव्हे तर जेवणाऱ्यांच्या समोर काम दिलं, की घरी कुरकुर सुरू होते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आई मला म्हणाली, "मॅडम, एवढी फी भरली ती काय पोराने खरकटी ताटं उचलायला?"

प्रश्न रास्त आहे. पण 'हलकं काम' हे त्याचं उत्तर नाही, असं माझं मत आहे.

हा मुलगा नेमकं काय करतो ते पाहूया. कूपन तपासतो. दुपारी एकदम लेक्चर सुटतात, तेव्हा रांग कुठे अडते ते बघून दुसरं काउंटर उघडायला सांगतो. पोळ्या संपत आल्या की आत आधीच कळवतो. चिडलेल्या विद्यार्थ्याशी आवाज न चढवता बोलतो. आणि परत आलेल्या ताटांत काय उरलंय ते पाहतो. रोज दुधी उरत असेल तर भाजी बदलायला हवी, हे आचाऱ्याला आतून दिसत नाही, ताट उचलणाऱ्याला दिसतं. निरीक्षण, अंदाज, संवाद, नोंद. आपण प्राथमिकला हेच तर शिकवतो! दादरचं केटरिंग कॉलेज १९५४ साली सुरू झालं. तिथेही वाढप हा स्वयंपाकाइतकाच अभ्यासाचा विषय आहे.

गंमत बघा. आपल्याच सोसायटीतला मुलगा अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथल्या विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये वाढायला उभा राहिला, तर आपण कौतुक करतो. तिथे विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, आणि जेवणघर ही त्यातली नेहमीची जागा. तिकडे ते स्वावलंबन आणि इकडे कमीपणा? असं का?

याचं कारण आपल्या मनात खोल आहे. कोणी रांधायचं, कोणी वाढायचं, कोणी उष्टं काढायचं हे आपल्याकडे जात आणि बाईपण ठरवत आलं. म्हणूनच कर्मवीर भाऊराव पाटलांचं काम मला फार मोठं वाटतं. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामंही स्वतः करत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. तिथली पंगत हाच एक मोठा धडा होता. 'कमवा आणि शिका'ची वाट पुढे तिथूनच रुंद झाली.

पण पालकांची दुसरी शंका मात्र खरी आहे. इंटर्नशिपच्या नावाखाली फुकटचा माणूस मिळवायचा, असंही घडतं. सहा महिने एकच टेबल पुसायला लावलं तर ते शिक्षण नाही, राबवणं आहे. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी विचारा: रोज किती तास? किती दिवसांनी काम बदलणार? विद्यावेतन किती? शिकवणार कोण? रात्री शेवटची लोकल मिळेल अशा वेळी सोडणार का? हे विचारण्यात संकोच नको.

आणि शिक्षकांनो, सुरुवात आपल्याकडूनच होते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. आज हजेरी ४२, तर तांदूळ किती? हे गणित चौथीचं मूल सहज करेल. रांग लावणं, ताटं मोजणं, किती अन्न उरलं ते फळ्यावर लिहिणं ही कामं मुलांना द्या. पाळी हजेरी क्रमांकाने लावा, म्हणजे वाढायला फक्त मुली आणि झाडायला ठरावीकच मुलं असं होणार नाही. गरम भांडं मात्र मुलांच्या हातात कधीच नको.

नव्या शैक्षणिक धोरणाने, २०२० साली, सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. त्यातला एक दिवस जवळच्या पोळी-भाजी केंद्रात जाऊ द्या. डोंबिवलीत त्यांची कमी नाही! काउंटरमागचे काका-काकू गर्दीच्या वेळी हिशोब, पार्सल आणि बोलणं एकाच वेळी कसं सांभाळतात, ते मुलांनी पाहावं आणि प्रश्न विचारावेत.

त्या आईला मी एवढंच म्हटलं, "ताई, तो ताट उचलतो याची लाज नको. तो तिथे काय शिकला, ते रोज रात्री त्याला विचारा. सांगण्यासारखं काहीच नसेल, तर मात्र कॉलेजला जाब विचारा."

तुमच्या शाळेत वाढपाची पाळी असते का? कशी लावता? जरूर कळवा.