गाडी का पळत नाही?

रिकाम्या खोक्याची गाडी करायला सांगितली, की तिसरी-चौथीतली बरीच मुलं खराट्याची काडी खोक्याला फेव्हिकॉलने पक्की चिकटवतात. काडीच्या टोकांना बाटलीची बुचंही तितकीच घट्ट बसवतात. गाडी दिसते झकास, पण ढकलली की फरफटते. मग कुणीतरी ती उलटी करून बूच फिरवून बघतं आणि काहीतरी मोकळं राहायला हवं होतं, हे ध्यानात येतं. बूच काडीवर सैल ठेवायचं, की काडी स्ट्रॉच्या तुकड्यात ओवून फक्त स्ट्रॉ खोक्याला चिकटवायचा? दोन्ही करून पाहिलं की फरक कळतो: सैल बूच डुगडुगतं, स्ट्रॉवाली गाडी बऱ्यापैकी सरळ जाते.

एवढ्या वेळात मुलाने एक वस्तू मनात आखली, बनवली, ती का फसली हे शोधलं आणि दुरुस्त केली. डिझाइन आणि तंत्रज्ञानाचं शिक्षण ते हेच. ते पहिलीपासून मिळायला हवं.

इंग्लंडमध्ये हा विषय १९९० पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे आणि पाच वर्षांच्या मुलापासून सुरू होतो. लहान वर्गांत तरफा, सरकपट्ट्या, चाकं आणि आस; पुढे कप्प्या, दातेरी चाकं, दिवा-बझरची मंडलं. स्वयंपाकही त्यातच येतो. वस्तू कुणासाठी करायची, हे आधी ठरवायचं आणि झाल्यावर ती त्या माणसाच्या उपयोगाची आहे का, हे तपासायचं, असा तिथला क्रम आहे.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणलं. १९७८ मध्ये अभियंते अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्को या वाहन कारखान्यातून वर्षभराची रजा घेऊन होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या एवढ्यावर त्यांनी मुलांसाठी जोडणीचा अख्खा संच उभा केला. या काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. हे हाताला कळलेलं मूल पत्र्याच्या शेडखालच्या लोखंडी कैच्यांकडे वेगळ्या नजरेने बघतं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तर सहावीच्या मुलांसोबत दप्तराची पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि बाहुल्या असे प्रकल्प करून पाहिले. आधी आराखडा, मग गटात चर्चा, मग वस्तू, शेवटी एकमेकांच्या कामाची तपासणी.

आपलं घोडं अडतं ते वयापाशी. शिक्षण हक्क कायद्यात कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहेत, पण सहावी ते आठवीसाठी, आणि तेही पट शंभरावर असेल तर. अटल टिंकरिंग लॅब सहावीपासून. नव्या शैक्षणिक धोरणातले दप्तराविना दहा दिवसही सहावी ते आठवीचे. हात सर्वांत उतावीळ असतात ती पहिली पाच वर्षं अशीच निघून जातात.

प्राथमिक वर्गांच्या वेळापत्रकात कार्यानुभव आहे, हे खरं. पण अनेक शाळांत तो तास गणिताला जातो, किंवा एकाच नमुन्याच्या चाळीस राख्या तयार होतात. घरी दिलेला प्रकल्प आई रात्री जागून करते, नाहीतर तो स्टेशनरीच्या दुकानातून तयार येतो. वर्गातल्या त्या राख्यांत मुलाने कात्री चालवली, पण ठरवलं काहीच नाही. दुसरीकडे, तंत्रज्ञान म्हटलं की पालकांना टॅब आणि कोडिंगचा क्लास आठवतो. आठ वर्षांच्या मुलासाठी दाराची बिजागरी आणि विहिरीवरचा रहाट हेही तंत्रज्ञानच आहे, आणि ते उघडून, हात लावून बघता येतं.

शिक्षकांची अडचण खरी आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत गुरुजींपुढे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. उलट, या कामाला तीच गोष्ट सोयीची ठरू शकते: भोकं पाडणं, दाभण वापरणं चौथीच्या मुलांनी शिक्षकांच्या नजरेखाली करावं, धाकट्यांनी चिकटवावं, रंगवावं. पुठ्ठा, बुचं, सुतळी गावात मिळतेच. खरी गरज आहे ती सलग दोन तासिकांची, कारण पस्तीस मिनिटांत वस्तू बनते, पण ती फसल्यावर पुन्हा करायला वेळ उरत नाही.

गुणही देखणेपणावर देऊ नयेत. पहिला आराखडा आणि शेवटची वस्तू शेजारी ठेवून मुलाला विचारावं, काय बदललं आणि का बदललं. त्याच्या उत्तरावर श्रेणी द्यावी. यासाठी शिक्षकांना डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) प्रशिक्षणात व्याख्यान नको. तिथे त्यांनी स्वतः दिवसभर बसून खोक्याची गाडी करावी, ती पळेपर्यंत.