पाच वर्षांची मुदत – कोणासाठी?

कायद्यापुढे सर्व समान आहेत, हा डांगोरा अमेरिकेचे सत्ताधारी जगभर पिटत असतात. मादक द्रव्यांच्या गंभीर गुन्ह्यांत मुदत कोणासाठी कशी मोजली जाते, एवढे पाहिले तरी या समानतेचे वर्गस्वरूप उघडे पडते.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, देहान्ताची शिक्षा नसलेल्या बहुतेक गुन्ह्यांबद्दल पाच वर्षांच्या आत आरोप ठेवावा लागतो. मादक द्रव्यांचे गुन्हेही यात येतात. ही तरतूद म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. काळ लोटला की साक्षीदार नाहीसे होतात, आठवणी पुसट होतात, निरपराध माणसालाही बचावाचा पुरावा मिळेनासा होतो. शासनसंस्थेच्या अनिर्बंध हाताला घातलेला हा लगाम आहे.

पण ‘कटा’च्या आरोपाने हा लगाम सैल होतो. कट हा चालू राहणारा गुन्हा मानला जातो. तो संपेपर्यंत मुदत सुरूच होत नाही. ९ जानेवारी २०१३ रोजी निकाल लागलेल्या स्मिथ खटल्यातील आरोपी, आरोपपत्रातील कटाची अखेरची सहा वर्षे तुरुंगात होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की, मुदतीपूर्वीच कटातून अंग काढून घेतल्याचे आरोपीनेच शाबीत करावे. आरोपी साधुसंत होता, असे कोणी म्हणत नाही. प्रश्न शाबितीचा भार कोणावर, हा आहे.

या निकालाच्या महिनाभर आधी, ११ डिसेंबर २०१२ रोजी, याच सरकारने एचएसबीसी या बलाढ्य बँकेशी तडजोड केली. मेक्सिको व कोलंबियातील टोळ्यांचे किमान ८८ कोटी १० लाख डॉलर या बँकेतून पांढरे झाले होते. बँकेने आपले अपराध कबूल केले. दंड व जप्ती मिळून सुमारे १९२ कोटी डॉलर भरायचे ठरले. बँकेच्या २०११ सालच्या करपूर्व नफ्याच्या हिशेबाने ही जेमतेम पाच आठवड्यांची कमाई! खटला पाच वर्षे स्थगित राहिला आणि डिसेंबर २०१७ मध्ये आरोप मागे घेण्यात आले. एकाही बँक अधिकाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही.

बँकेवर खटला भरल्यास जागतिक वित्तव्यवस्था डळमळेल, असा बचाव पुढे करण्यात आला. पण कबुली हाती असताना दोषी अधिकाऱ्यांना पिंजऱ्यात उभे केल्याने कोणती वित्तव्यवस्था कोसळते? खटला भरावा, अशी न्यायखात्यातील कर्मचाऱ्यांचीच शिफारस होती आणि वरिष्ठांनी ती फेटाळली, हे २०१६ साली अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीच्या अहवालातून बाहेर आले. पुरावा होता, वेळ होता. नव्हती ती मक्तेदार वित्त भांडवलाला हात लावण्याची इच्छा.

एकासाठी पाच वर्षे म्हणजे त्याला नाकारलेले संरक्षण. दुसऱ्यासाठी पाच वर्षे म्हणजे सुटकेचा राजमार्ग!

म्हणून गंभीर गुन्ह्यांसाठी मुदतच नको, ही आरोळी फसवी आहे. भारतात तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना अशी मुदत नाही. उलट १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गंभीर प्रकरणांत आरोपपत्राविना १८० दिवस, आणि न्यायालयाच्या परवानगीने वर्षभर, माणसाला कोठडीत ठेवता येते. हा फास गरिबाच्या गळ्यातच घट्ट बसतो. लोकशाहीवादी शक्तींची मागणी स्पष्ट असली पाहिजे: मुदतीचा लगाम सरकारवर कायम राहावा आणि तडजोडीचे दार थैलीशहांसाठी बंद व्हावे.