चूल मुलांनाच पेटवू द्या

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये हिवाळी शिबिरांची आखणी सुरू होते. साहस शिबिरं भरवणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोलणी होतात, माणशी रक्कम ठरते, बस येते आणि मुलं आधीच उभारलेल्या तंबूंमध्ये जाऊन पोचतात. झिपलाईन होते, दोरावरून कातळ उतरणं होतं, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी होतात. जेवण वाढून समोर येतं. मुलांना आनंद होतो आणि त्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र स्काऊट-गाईडची पथकंही याच वाटेने निघाली, तर ते मला मोठं नुकसान वाटतं. स्काऊटच्या शिबिराचा जीव थरारात नाही. तंबू कुठे ठोकायचा, पाणी किती भरून ठेवायचं, पहाटे कोणी उठायचं आणि खिचडी करपली तर काय खायचं, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांनी आपसांत ठरवायचं आणि निभावायचं, यात तो आहे. हे काम त्यांच्याकडून काढून घेतलं की उरते ती सहल.

ही चळवळ जिथे सुरू झाली तिथला पुरावा पाहावा. ऑगस्ट 1907 मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचं शिबिर भरवलं. काही मुलं ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली होती, काही पूल आणि बोर्नमथच्या साध्या घरांतली. त्यांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीचा कारभार तिच्यातल्याच एका मुलाच्या हाती सोपवला. दररोज रात्री एका तुकडीने पीठ, मांस, भाजी, चहा असा कच्चा शिधा घेऊन दूर जायचं, स्वतः रांधायचं, उघड्यावर झोपायचं आणि पहारा द्यायचा. पुढे आलेल्या सुरुवातीच्या कसोट्यांमध्येही हेच सूत्र आहे. काडेपेटीतल्या दोनच काड्यांत चूल पेटवा. पाव पौंड मांस आणि दोन बटाटे एका भांड्यात शिजवून दाखवा. वरच्या श्रेणीसाठी सात मैलांवरच्या ठिकाणी एकट्याने किंवा एका सोबत्यासह जा, परत या आणि वाटेचा अहवाल लिहा. यातली एकही कसोटी प्रशिक्षकाने कमरेला पट्टा बांधून खाली सोडल्याने पार पडत नाही. आपल्याकडे 1909 साली स्काऊटिंग आलं तेव्हा त्याची दारं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच उघडी होती. ॲनी बेझंट, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्रित संस्था आकाराला आली. भारतीय मुलावर जबाबदारी टाकता येते, हा विश्वास त्या धडपडीमागे होता. आज तो आपणच आपल्या मुलांवर ठेवायला कचरतो आहोत.

तंबूची जागा निवडणं हे एकच काम घ्या. सपाट, मऊ वाळूची जागा बघून मुलं हमखास ओढ्याच्या कोरड्या पात्राकडे वळतात. वर डोंगरात पाऊस झाला तर तिथे काय होईल, हा प्रश्न त्यांच्या नायकाला पडला पाहिजे. डोक्यावर वाळकी फांदी आहे का, जवळच्या कड्याला आग्या मोहोळ लटकतंय का, वारा कुठून येतो, उतार कुठे जातो, सकाळचं ऊन कुठून येईल, हे सगळं पाहून मग खुंटी ठोकायची. आठ जणांना तांदूळ आणि डाळ किती लागेल, याचा हिशेब चुकला तर रात्री पोट कुरकुरतं आणि त्या एका रात्रीत त्रैराशिक पक्कं होतं. शौचासाठीचा चर पाण्यापासून किमान साठ मीटर दूर का खणायचा, हे पुस्तकात वाचून विसरलेला मुलगा स्वतः खणल्यावर विसरत नाही. पाणी उकळताना नुसते बुडबुडे दिसून भागत नाही, खळखळून उकळी आल्यावर निदान मिनिटभर ते तसंच ठेवावं लागतं. भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यात बसलेल्या मुलाला सह्याद्रीतल्या डिसेंबरच्या रात्रीही धोकादायक थंडी भरू शकते, त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही. ओले कपडे आधी बदला, मग शेकायला बसा, हा क्रम ज्याने मित्रासाठी एकदा पाळला त्याला तो जन्मभर पुरतो.

याचा दूरवर काही उपयोग होतो का? एडिंबरा आणि ग्लासगो विद्यापीठांच्या संशोधकांनी 2016 साली एक अभ्यास मांडला. ब्रिटनमध्ये 1958 साली जन्मलेल्या जवळपास दहा हजार लोकांच्या आयुष्यभराच्या नोंदी त्यांनी तपासल्या. लहानपणी स्काऊट किंवा गाईड असलेल्यांमध्ये पन्नाशीला चिंता आणि मनोवस्थेचे विकार असण्याची शक्यता सुमारे 15 टक्क्यांनी कमी आढळली. गरिबीतून आलेल्या मुलांना या प्रशिक्षणाचा आधार अधिक मिळाल्याचंही त्यात दिसलं. अशा अभ्यासातून कार्यकारण पूर्ण सिद्ध होत नाही आणि मनाने खंबीर मुलंच मुळात स्काऊटमध्ये गेली असतील, असं म्हणता येतं. पण त्या पिढीच्या स्काऊटिंगचा भर झिपलाईनवर नव्हता. तंबू, चूल, नकाशा आणि तुकडी होती, हे लक्षात घ्यायला हवं.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो उडवून लावणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पालकांनी मूल शाळेच्या हवाली केलेलं असतं. काही झालं तर शिक्षकाला आयुष्यभर उत्तर द्यावं लागतं. पण धोका नेमका कुठे आहे, हे आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार देशात दरवर्षी 35 हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. धरण, धबधबा, नदीचा डोह आणि कड्याची कड ही शिबिरातली खरी मृत्युस्थळं आहेत. तिथे मुलांना निर्णयाचा अधिकार अजिबात नको. तिथे मोठ्यांचा शब्द अखेरचा. जागेची आधी पाहणी, हवामानाचा अंदाज, जवळचं रुग्णालय आणि तिथे सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का याची चौकशी, प्रत्येक मुलाच्या आजाराची माहिती, हे मोठ्यांनीच करायचं आहे. महाराष्ट्राने 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली, हे योग्यच झालं. या कुंपणाच्या आत मात्र बोट कापणं, भात करपणं, तंबू कोसळणं आणि आपसांत भांडण होणं यापासून मुलांना वाचवू नये. हे लहान अपघात टाळण्याच्या नादात आपण त्यांना मोठ्या अपघाताच्या वेळी काय करावं याचं शिक्षणच नाकारतो. विळी-सुरी कधी हाताळली नाही, अंधारात कधी वाट शोधली नाही, असा मुलगा अठराव्या वर्षी मित्रांबरोबर पावसाळ्यात एखाद्या गडावर जातो, तेव्हा त्याच्याकडे अंगातल्या उत्साहाशिवाय काहीच नसतं.

‘सर्व्हायव्हल’ या शब्दाला टीव्हीने दिलेलं रूपही बाजूला ठेवायला हवं. किडे खाणं किंवा अनोळखी कंदमुळं आणि अळंबी चाखणं मुलांना शिकवू नये, ते जिवावर बेतू शकतं. रानात जगून परत येण्याची बहुतेक कौशल्यं शांत आणि कंटाळवाणी असतात. वाट चुकली तर पहिला नियम थांबण्याचा. 1981 साली कॅलिफोर्नियातल्या डोंगरात एक नऊ वर्षांचा मुलगा हरवून मरण पावला. त्यानंतर तिथे मुलांसाठी जो कार्यक्रम सुरू झाला, त्याचं सार एवढंच आहे की चुकलात तर एखाद्या झाडाला धरून तिथेच थांबा, म्हणजे शोधणाऱ्यांना सापडाल. मिनिटात सहा शिट्ट्या द्यायच्या, मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा द्यायच्या, हा आल्प्समधून आलेला संकेत प्रत्येक मुलाला यायला हवा आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. सापाबद्दलही जुन्या सवयी मोडायला हव्यात. दंशाच्या जागी चीर देणं, रक्त चोखणं, करकचून आवळपट्टी बांधणं यातून नुकसानच होतं. अवयव हलू न देता लवकरात लवकर रुग्णालय गाठणं हाच उपाय. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. म्हणून तंबूची चेन पूर्ण बंद करायची आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. ही शिस्त एकमेकांवर लक्ष ठेवणारी तुकडीच लावू शकते. शंभर मुलांमागे फिरणाऱ्या दोन प्रशिक्षकांना ते जमत नाही.

चुलीबद्दलचा आक्षेप रास्त आहे. राखीव वनात आग पेटवायला 1927 च्या वन कायद्याने मनाई आहे आणि फेब्रुवारीपासून सह्याद्रीत वणव्यांचे दिवस सुरू होतात. मग चूल शाळेच्या मैदानावर किंवा गावच्या शेतात, मालकाला विचारून, तीन दगडांवर मांडावी. शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि राख हाताला गार लागेपर्यंत कोणी जागा सोडू नये. आग विझवण्याची ही सक्ती पेटवण्याच्या कौशल्याइतकीच मोलाची आहे.

खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यावरच्या मुलांना हे सगळं येतंच, त्यांना शिबिर कशाला, असंही विचारतात. मला यात अडचणीपेक्षा संधी दिसते. शहरातल्या शाळेचं आणि अकोले किंवा जव्हारकडच्या आश्रमशाळेचं पथक एकत्र आणून मिश्र तुकड्या केल्या, तर नायकपद कोणाकडे जाईल हे सांगायला नको. रोज घरात चूल पेटवणारी, पाणी आणणारी ठाकर किंवा महादेव कोळी मुलगी त्या चार दिवसांत शिकवणारी असेल आणि इंग्रजी माध्यमातली मुलं शिकणारी. तिच्या ज्ञानाला शाळेने असा मान किती वेळा दिला आहे? मुलींना रात्रीच्या मुक्कामाला पाठवायचं कसं, ही पालकांची काळजी मी समजू शकते. त्यासाठी पुरेशा शिक्षिका, स्वच्छ आणि आडोशाचं शौचालय आणि पालकांशी आधी मोकळी चर्चा लागते. या तिन्ही गोष्टी शाळेच्या आवाक्यातल्या आहेत. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात काही मुली आपण होऊन आल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. गाईडची चळवळ त्यांच्या त्या हट्टातून उभी राहिली.

यंदा शिबिराचं पत्रक काढणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि पथकनायकांना माझी विनंती आहे. स्वयंपाकी ठरवू नका आणि तंबू आधी उभारून ठेवू नका. सहा ते आठ मुलांच्या तुकड्या करा, प्रत्येकीला कच्चा शिधा आणि दोर द्या, प्रत्येक मुलाला शिट्टी द्या आणि पहिली रात्र शाळेच्याच मैदानावर काढा. पालकांना सांगा की जेवायला उशीर होईल.