मुदत कुणासाठी?

राज्यघटनेचे कलम २४३-यू स्पष्ट आहे: महापालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागसंख्या यांवरचे वाद न्यायालयात गेले आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे बजावले. पुढे तीही मुदत ३१ जानेवारी २०२६पर्यंत वाढली. एवढा काळ तुंबलेल्या गटाराची तक्रार न्यायला नगरसेवक नव्हता. हजारो कोटींचा अर्थसंकल्प प्रशासकाच्याच सहीने मंजूर होत होता. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, तो सुटायलाच हवा होता. पण तो सुटेपर्यंत मतदाराचा हक्क गोठवणे आम्हाला मान्य नाही. घटनेतली मुदत टळली, तर सरकारने विधिमंडळात लेखी कारणे द्यावीत, असा कायदा व्हायला हवा.