हाली की कलदार?

नातू लातूरला एक्सेलचं व्हीबीए शिकतोय. त्यात व्हेरिएबलचा प्रकार लिहिला नाही की ते आपोआप ‘व्हेरियंट’ होतं. आकडा, तारीख, मजकूर, काहीही मावतं. ‘केवढी सोय, आजोबा!’

कसली डोंबलाची सोय? इनपुटबॉक्समधून ५ आणि ३ घेतले, मध्ये अधिक चिन्ह टाकलं, उत्तर ५३! कारण तिथून येतो तो मजकूर. आत काय आहे याची खूण व्हेरियंट जपतं, मान्य. पण ती वाचतो कोण?

आमच्या नांदेडकडे निजामाचा हाली रुपया १९५९ साली रद्द झाला. त्याआधी ७ हाली म्हणजे ६ कलदार. वहीत नुसते ‘७०० रुपये’ लिहिले, की झाला शंभराचा घोळ! नातवाला विचारलं, एक शब्द जास्त लिहायला बोटं दुखतात का रे?