आधी रेघ, मग ड्रिल

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे दिवस आलेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी मामाच्या गॅरेजमध्ये कटर घरघरतोय. आणि दरवर्षीचं वाक्यही ऐकू येतंय, ‘होल दोन मिलिमीटर सरकला यार, रेडिमेडच घेऊ!’

जरा थांबा. बऱ्याचदा होल ड्रिलमुळे सरकत नाही, जाड मार्करच्या रेघेमुळे सरकतो. रेघच दीड मिलिमीटर जाड असेल तर कापायचं कुठं? अलीकडे, मधोमध की पलीकडे? ग्रुपमधले तिघं तीन उत्तरं देतील.

म्हणून खुणेचं साधन मटेरियल बघून निवडा. लाकडावर टोकदार पेन्सिल चालते. सांधा घट्ट बसवायचा असेल तर धारदार चाकूची रेघ मारा. लोखंडावर स्क्रायबर वापरा. चकचकीत पृष्ठभागावर आधी मोरचुदाचं पाणी किंवा मार्किंग ब्लू लावलं, की रेघ उठून दिसते. ड्रिलआधी सेंटर पंच हवाच. त्याच्या खळग्यात ड्रिलचं टोक बसतं, घसरत नाही. वेल्डिंगच्या जागी मार्करची शाई जळते, तिथं शंखजिऱ्याची कांडी घ्या. पत्रा जिथं वाकवायचाय तिथं मात्र स्क्रायबर नको, ओरखड्यातून तडा जाऊ शकतो, पेन्सिल बरी. आणि सगळी मापं एकाच कडेपासून घ्या, नाहीतर प्रत्येक चूक पुढच्या मापात मिसळत जाते.

मी मास कॉमची. कॉलेजात कॅमेऱ्याचा स्टँड बनवायला घेतला, मार्करनं खुणा केल्या आणि स्टँड डुगडुगला. शेवटी भाड्यानं आणला. व्हायवात विचारलं, ‘कसा बनवलात?’ आम्ही गप्प.

आपण कोपरीकर खरं तर नशीबवान. कोपरी पूल, तीन हात नाका ओलांडला की वागळे इस्टेट, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. आयटी कंपन्या आल्या तरी गाळ्यांमध्ये अजून जुने फिटर काका आहेत. प्रोजेक्ट बनवून द्या म्हणू नका, ‘काका, खूण कशी करायची?’ एवढंच विचारा.

या रविवारी स्टीलपट्टी, गुण्या, स्क्रायबर आणि सेंटर पंच जमवा. आधी भंगारातल्या तुकड्यावर हात बसवा. रेडिमेड प्रोजेक्टला मार्क मिळतीलही. पण ‘हे असंच का केलं?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्यासोबत मिळत नाही.